भरावावरची थोरली

दोन घरांमधल्या भिंतीत एक भोक होतं. भिंत बांधताना गवंड्याने परांचीचा वासा जिथे रोवला होता, तिथलं. काम संपल्यावर वासा निघाला, भोक राहिलं. गवंडी घमेल्यात सिमेंट कालवून ते बुजवायला आला तेव्हा थोरली म्हणाली, "राहू दे." लगेच भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज आला, "राहू दे, राहू दे." भावाभावांनी वाटणी करून एका घराची दोन घरं केली होती. जावांनी त्या वाटणीत हे भोक तेवढं सामाईक ठेवलं.

तेव्हा ते थोरलीच्या छातीशी येत होतं. त्यातून मिठाची वाटी जायची, साखरेची यायची. दोघा भावांचा अबोला असायचा, म्हणजे वर्षातला बराच काळ असायचा, तेव्हा घराचं सगळं राजकारण त्या भोकातून चाले.

"जेवले का गं तुझे?"

"जेवले. पण फुगलेत."

"फुगू दे. इकडेही पुरी टम्म आहे. सुई मी आणते, टोचायचं काम तुझं."

आणि मग दोघी तोंडावर हात दाबून हसायच्या, कारण त्या भिंतीतून हसू गेलं की भाऊ आणखी फुगायचे.

पुढे ते भोक कमरेशी आलं. मग गुडघ्याशी. भोक जागचं हललं नव्हतं. जमीन वर येत होती.

ती सगळी वस्ती तळ्यावर होती. तळ्याकाठी नव्हे, तळ्यावर. थोरली लग्न होऊन आली तेव्हा दारातून रस्त्यापर्यंत चिखलावर टाकलेल्या फळ्या होत्या आणि नवऱ्या मुलीने पहिलं पाऊल टाकलं ते फळीवरून घसरून थेट गुडघ्याएवढ्या गाळात. सासू म्हणाली होती, "आली! पायगुण तर बघा, ओलाच आहे." त्यावर सासरा म्हणाला, "आपलं घरच ओलं, त्यात तिचा काय दोष?"

सासरा तळ्यातली लव्हाळी कापून चटया विणणाऱ्यांना विकायचा. त्याच्या आज्याच्या वेळी यांचं गाव वर टेकडीवर होतं. गोरे साहेब आले, त्यांना टेकडीवरची हवा मानवली. गावाला खाली तळ्याच्या दलदलीकडे हलवलं. तळ्याचं स्वच्छ पाणी नळाने वर बंगल्यांना चढू लागलं आणि बंगल्यांचं घाण पाणी गटाराने खाली तळ्यात उतरू लागलं. सासरा हे सांगताना नेहमी खदखदून हसायचा. "साहेब भारी न्यायी माणूस. एक नळ वर, एक नळ खाली. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

मग गोरे गेले. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. आपले साहेब त्याच बंगल्यांत राहायला गेले, त्याच नळाचं पाणी पिऊ लागले, आणि गटाराचं तोंड होतं तिकडेच राहिलं. शहरात गिरण्या-कारखाने वाढले, लांबलांबून माणसं आली, त्यांना टेकडीवर जागा नव्हती, सपाटीवर जागा नव्हती, म्हणून ती तळ्यावर आली. कारखान्याच्या भट्टीतली राख फुकट मिळायची. ती पाण्यात ओतायची, पाय घट्ट रोवून तुडवायची, वर घर घालायचं.

थोरली आणि तिचा नवरा त्या राखेच्या टोपल्या वाहायचे. थोरलीचं डोकं चालायचं. कुठे काय पाडतायत, कुठला राडारोडा कुठे फेकणार आहेत, याचा तिला वास लागायचा. टेकडीवरचे जुने बंगले पाडून उंच इमारती उठू लागल्या तेव्हा ती मुकादमाकडे गेली आणि म्हणाली, "एवढं लांब नेऊन टाकण्यापेक्षा आमच्याकडे टाका. डिझेल वाचेल." तिथून तिचा धंदा सुरू झाला. ज्याला भराव हवा त्याने थोरलीला सांगायचं. खडखड्याचा टेंपो दारात हजर. खडखड्या म्हणजे टेंपोवाला. टेंपोचा आवाज तसा होता म्हणून आधी टेंपोला ते नाव पडलं, मग त्याला. घरात ती थोरली, पण वस्तीभर तिचं नाव भराववाली.

तिला त्याचा अभिमान होता. गल्लीतून चालताना ती म्हणायची, "हे काय, हे सगळं मी भरलंय. तळ्याचं पोट मी बुजवलं." साहेबाच्या दिवाणखान्यातल्या नक्षीच्या फरशा, त्यांच्या न्हाणीघरांचे पांढरे तुकडे, फुटके दिवे, सगळं तिने आणून वस्तीच्या पायाखाली घातलं. सासऱ्याच्या आज्याला टेकडीवरून हाकललं होतं ना, मग टेकडी तिने टोपलीटोपलीने खाली आणली. सासरा म्हातारपणी दारात बसून हे बघायचा आणि विचारायचा, "सूनबाई, तळं बुजवताय ते ठीक. पण पावसाने आता जायचं कुठं?"

"मामंजी, तो त्याचं बघेल."

पावसाने त्याचं बघितलं. तो घरांत आला.

मग घरं उचलणं सुरू झालं. रस्ता करणारे दर खेपेला जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवायचे. रस्ता वर गेला की घरं खाली जायची. पूर्वी दारात पायऱ्या चढून जायच्या त्या आता उतरून जायच्या झाल्या. घरात पाणी शिरलं की लोक जमिनीवर भराव टाकायचे, वर कोबा करायचे. दार खालून कापायचं. कपाटाचे पाय कापायचे. विजेची बटणं गुडघ्याशी आली की वर घ्यायची. खिडकीतून पूर्वी रस्त्यावरची तोंडं दिसायची, मग चपला दिसू लागल्या.

यात वस्तीचा एक दंडक होता, कुणी लिहिलेला नाही पण सगळ्यांनी पाळलेला. भिंत सामाईक असेल तर दोन्ही घरं एकदम उचलायची. एकट्याने उचललं तर त्याचं पाणी शेजाऱ्याकडे जातं आणि भरावाचा रेटा भिंतीवर येतो. एकट्याने उचलणाऱ्याच्या मयतीला गल्ली जात नसे, इतकं ते कडक. आता खरं म्हणजे दोघांनी मिळून उचललं तरी पाणी तिसऱ्याकडे जायचंच. पण तिसरा भिंतीपलीकडचा नसायचा, आणि माणसाने लाज धरायची ती भिंतीपुरती.

थोरली आणि धाकटी प्रत्येक वेळी एकदमच उचलत आल्या. दोघींचे नवरे गेले, तरी उचलत आल्या. म्हणूनच भोक दोन्हीकडे सारखं खाली गेलं. आता ते घोट्याशी होतं. दोघींना एकमेकींशी बोलायचं तर आपापल्या बाजूला पालथं पडून हनुवटी हातावर ठेवावी लागायची. थोरलीची सून पहिल्यांदा ते बघून घाबरलीच होती. "आई पडल्या का?"

"पडले नाही गं, बोलतेय."

पलीकडून धाकटी म्हणाली, "दोन मगरी बोलतायत, तू तुझं काम कर."

त्या सुनेचं पहिलं लेकरू मागच्या पावसात पाणी शिरलं तेव्हा गेलं. पाणी खाटेला लागलं होतं, चारी बाजूंनी काळं, गटार आणि तळं एक झालेलं. लेकराला ताप भरला, जुलाब लागले, आणि दवाखान्यापर्यंत खांद्यावर नेईपर्यंत ते खांद्यावरच थंड झालं. थोरलीच्या खांद्यावर. त्यानंतर घरात मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. सुनेला पुन्हा दिवस गेले तेव्हा मुलाने आईला एवढंच सांगितलं, "पावसाआधी घर उचलायचं."

"उचलू. धाकटीला विचारते."

"काकूला काय विचारायचंय? तिला उचलता येणार आहे का?"

तेच तर दुखणं होतं. धाकटीच्या नवऱ्याने, भावाच्या नाकावर टिच्चून, आपल्या वाटणीवर स्लॅब ओतला होता. तळ्यावरचं पहिलं स्लॅबचं घर. लोक बघायला आले होते. थोरलीच्या डोक्यावर पत्रा, उन्हात तापणारा, पावसात कानठळ्या बसवणारा. त्या वर्षी ती भोकाशी फारशी गेली नव्हती. आता तोच पत्रा कामाला यायचा. घर उचलायचं तर पत्रा सोडायचा, भिंतींवर विटांचे थर चढवायचे, पत्रा पुन्हा बसवायचा. स्लॅब कुठे सोडणार? धाकटीची जमीन वर येत गेली आणि स्लॅब जागच्या जागी. तिने पंखा कधीच काढला होता. केस विंचरताना कोपर छताला लागायचं. तिची लेक माहेरी आली की जावई बाहेरच बसायचा. उंच होता बिचारा, आत आला की देवाला नमस्कार केल्यासारखा वाकून राहायचा.

थोरली पालथी पडली. भोकातून पलीकडे धाकटीचा पाय दिसत होता.

"धाकटे."

पाय नाहीसा झाला, चेहरा आला. "बोला जाऊबाई. साखर नाहीये, आधीच सांगते."

"साखर नको."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "उचलायचं ना?"

थोरली कोब्यावर बोट फिरवू लागली.

"पोरगा काल अंगणातून पत्रे बघत होता. मला दिसत नाही का? माझी खिडकी आता पायांच्याच उंचीची आहे, पण पायांवरूनही माणसाच्या मनातलं कळतं."

"तू इकडे ये. आमच्यात राहा."

"तुमची एक खोली. त्यात तुम्ही, पोरगा, सून, येणारं लेकरू. मला काय पत्र्यावर बसवणार, कावळ्यासारखं?"

"मग लेकीकडे जा चार महिने."

"जावयाच्या घरी चार महिने कोण राहतं? चौथ्या दिवशी चहा पातळ होतो." धाकटी थोडी हसली. मग तिचं हसू उतरलं. "हे बघा. त्या लेकराला मीही न्हाऊ घातलंय. मी नको म्हणणार नाही. पण मला हो म्हणायला लावू नका. उचला आणि गप्प बसा."

थोरलीला वाटलं, ती भांडली असती तर बरं झालं असतं. पदरी चार शिव्या पडल्या असत्या, त्या घेऊन उचललं असतं.

खडखड्याने राडारोडा आणला. या वेळचा माल एका पाडलेल्या शाळेचा होता. विटांत निळ्या रंगाचे पोपडे, फळ्याचे काळे तुकडे. मुलाने आणि त्याच्या मित्रांनी पत्रे उतरवले. घमेल्यांची रांग लागली. गल्लीतली माणसं दारादारात उभी राहून बघत होती आणि कुणी मदतीला येत नव्हतं. एरवी अशा दिवशी शेजारपाजारचे चार हात आपणहून लागायचे, मध्येच कुणी चहाचं भांडं आणायचं. त्या दिवशी समोरची म्हातारी फक्त म्हणाली, "भराववाली घर उचलतेय. एकटी." आणि दार लोटून घेतलं.

भराव भोकाशी आला तेव्हा खडे पलीकडे सांडू लागले. मुलगा म्हणाला, "आई, ते भोक बुजव. सगळं काकूच्या घरात चाललंय."

थोरली दोन विटा आणि थापीभर सिमेंट घेऊन खाली बसली. भोकातून पलीकडे बघितलं तर धाकटी आधीच तिथे होती, तिच्याही हातात वीट.

"माझ्या बाजूने मी लावते," धाकटी म्हणाली. "तुमच्या बाजूने तुम्ही. म्हणजे कुणी कुणाला बंद केलं असं नको."

"धाकटे..."

"आवरा. सिमेंट वाळतंय." तिने भोकातून हात घालून एक वाटी इकडे सरकवली. थोरलीचीच वाटी, कधी साखरेला गेलेली, परत न आलेली. "घ्या. पुन्हा म्हणाल, धाकटीने वाटी बुडवली."

त्या खेपेचा पाऊस रेंगाळला आणि आला तो हातचं न राखता. थोरलीचं घर कोरडं राहिलं. दारात पाणी येऊन उंबऱ्याखाली थांबलं, तिथून वळलं आणि धाकटीच्या पायऱ्या उतरून आत गेलं. सून खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. तिने ओटीपोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. तो चेहरा थोरलीने पाहिला. तिला तेवढं हवं होतं आणि तेवढं तिला मिळालं.

मग आवाज सुरू झाला. पलीकडे धाकटी डब्याने पाणी उपसत होती. डबा पाण्यात बुडायचा, भरायचा, खिडकीतून बाहेर रिकामा व्हायचा. बुडायचा, भरायचा, रिकामा व्हायचा. बाहेर टाकलेलं पाणी पायऱ्यांवरून पुन्हा आत यायचं, हे थोरलीला ठाऊक होतं, धाकटीलाही ठाऊक असणार. तरी आवाज चालूच. सून म्हणाली, "आई, काकूंना बोलवा ना."

थोरली गल्लीतून गेली. धाकटीच्या खिडकीशी वाकली. आत धाकटी मांडीभर पाण्यात, डोकं स्लॅबला लागू नये म्हणून मान तिरकी करून, उपसत होती.

"चल. नीघ तिथून."

"आता वेळ नाही जाऊबाई. हातातलं काम आहे."

"अगं, कशाला उपसतेस? येतंय तितकंच."

"मग काय करू? बसून बघू?"

थोरली खिडकीशी तशीच वाकून राहिली. शेवटी म्हणाली, "डबा तरी मोठा घे," आणि आपलीच जीभ चावली. धाकटी मात्र खरंच हसली. "मोठा डबा मोठ्या घरात असतो," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

पाणी महिनाभर उतरलं नाही. त्यातच भिंत फुगली. भरावाच्या रेट्याने तिचं पोट धाकटीच्या बाजूला आलं आणि स्लॅबला कोपऱ्यापासून तडा गेला. जावई येऊन धाकटीला घेऊन गेला. जाताना तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि डबा होता. तोच, उपसायचा. थोरली दारात उभी होती. धाकटी म्हणाली, "बारसं कराल तेव्हा कळवा. नाही जमलं येणं, तरी कळवा." नंतर वळून म्हणाली, "आणि पोरीला गरम पाणी प्यायला द्या."

मुलगा झाला. वाचला. पण धाकटीचं घर आता रिकामं होतं आणि ते भरलेलं होतं. पाऊस गेला, सगळीकडे ऊन पडलं, तरी तिथलं पाणी हललं नाही. त्यावर आधी हिरवं शेवाळ आलं, मग बेडूक, मग खिडकीशी लव्हाळीची दोन पाती उगवली. सासऱ्याने कापली होती तसली. ज्या तळ्याला थोरलीने आयुष्यभर माती दिली ते तिच्या जावेच्या खोलीत बिऱ्हाड करून बसलं होतं.

भिंतीला ओल चढली. थोरलीने त्या बाजूची खाट हलवली. मग एका सकाळी सुनेने बाळाची दुपटी जमिनीवरून उचलली तर खालून ओली. बाळाने केलं असेल म्हणून दुसरी घातली, तीही ओली. घराच्या ऐन मध्यावर, दारापासून लांब, भिंतीपासून लांब, कोबा काळा पडला होता. थोरलीने हात लावला. पाणी दारातून आलंच नव्हतं. खालून, शाळेच्या विटा, बंगल्यांच्या फरशा, भट्टीची राख, सगळ्यांतून सावकाश वर येत होतं.

बाळाला खोकला होता. सुनेने दुपटं पिळलं आणि दोरीवर टाकलं.

मुलगा म्हणाला, "काकूची खोली बुजवली पाहिजे. तिथलं पाणी इकडे झिरपतंय. स्लॅब पाडू, भिंत काढून नवी घालू, सगळं भरून टाकू."

"आणि ती परत आली तर?"

"आई, कुठे येणार परत? कशात?"

पाणी पंपाने उपसलं, स्लॅब फोडला. ज्या स्लॅबवरून भावाभावांत तीन वर्षं अबोला होता तो दोन दिवसांत घणाखाली गेला. बुजवायला मात्र हा माल नको, यात लोखंड आहे, मुरूम आणू, असं मुलाचं मत पडलं. म्हणून खडखड्याला बोलावलं, हा राडारोडा घेऊन जा म्हणून. खडखड्या आला तो निरोप घेऊनच.

"मावशी, तुमच्या जाऊबाई भेटल्या. शहराच्या पार त्या टोकाला, नवी वस्ती होतेय ना, तिथं. म्हणाल्या, भराववालीला सांग, एक खेप इकडे पाठव."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पाणी आहे तिकडे. पाणथळ आहे मोठी. बगळे बसतात, लोक अजून मासे पकडतात. लेकीच्या घरामागे थोडी जागा धरलीये त्यांनी. एवढी एक खोली होईल." त्याने हाताने टेंपोएवढी जागा दाखवली. "सगळे भरतायत. जो आधी भरेल त्याची."

थोरली पाडलेल्या भिंतीच्या ढिगाकडे बघत बसली. विटांत एक जोड दिसत होता. पाठीला पाठ लावून दोन विटा, मध्ये सिमेंट. एकीला तिच्या बाजूचा चुना, एकीला धाकटीच्या बाजूचा पिवळा रंग. पाडताना सगळी भिंत सुटी झाली होती, एवढ्या दोन सुटल्या नव्हत्या. तिने तो जोड उचलला. जड होता. ती तो टेंपोपर्यंत घेऊन गेली.

"हाच माल तिच्याकडे ने. आणि हे वर ठेव. तिला दिसेल असं."

"मावशी, भरावात वर काय नि खाली काय?" खडखड्या हसला. मग तिच्याकडे बघून त्याने तो जोड आपल्या सीटशेजारी ठेवला. "बरं. आणि निरोप काय सांगू? म्हणाल्या होत्या, काही बोलल्या तर नीट लक्षात ठेव."

थोरलीला खूप सांगायचं होतं. तिकडे भरू नकोस, बगळे बसतात तर बसू देत, असं सांगावं असंही क्षणभर मनात आलं. पण मग धाकटीने राहायचं कुठं? घरातून बाळाच्या खोकल्याचा आवाज आला. दोरीवर दुपट्यांची रांग होती आणि ऊन कलत चाललं होतं.

"सांग, खालचा थर राखेचा टाकू नको. ओल धरते."

"बरं."

"आणि स्लॅब घालू नको म्हणावं. कुणी कितीही सांगितलं तरी. पत्राच ठेव." तिने टेंपोचं मागचं फाळकं लावलं. "पत्रा उचलता येतो."